टॉवरचे पाणी कोणाच्या खात्यावर?

(खर्डी येथील बैठकीत शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेली मांडणी)



भाताच्या भावाची बैठक म्हणून बोलावले आणि आम्ही कारखान्यातल्या पाण्यावर बोलायला उभे राहिलो, तेव्हा मागच्या रांगेतल्या काही जणांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांचे बरोबर आहे. कारखान्याच्या भिंतीआड पाणी कसे थंड करतात याच्याशी नागली-वरी पिकवणाऱ्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो हिशेबाचा आहे. हिशेब कळला नाही म्हणून आजवर आपण त्यावर काही मागितलेलेच नाही.

खर्डी स्टेशनावर उतरून कोणत्याही दिशेला निघा, धरण लागते. तानसा १८९२ चे. मोडकसागर १९५७ चे. त्यानंतर भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जाते. तिकडे मुरबाडकडे बारवी. हे धरण पाटबंधारे खात्याचे नाही, औद्योगिक विकास महामंडळाच्या मालकीचे आहे. मुरबाड तालुक्यातली गावे त्याच्या पाण्याखाली गेली, उंची वाढवली तेव्हा आणखी गेली. आणि एवढे सगळे पाणी उशाशी घेऊन झोपणाऱ्या आपल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकर येतो. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पाण्याचा विषय निघाला की आपले भांडण मुंबईच्या नळाशी होते. मुंबईकराने पाणी पिऊ नये असे आपण कधी म्हटलेले नाही, म्हणणारही नाही. पण धरणातून निघालेल्या पाण्यातला एक हिस्सा असा आहे की तो कोणी पीत नाही, त्याच्यावर एक दाणा पिकत नाही, त्यात कोणी आंघोळही करत नाही. तो हवेत उडवून देतात. आम्हाला बोलायचे आहे ते त्या हिश्श्याबद्दल.

कारखान्यात उष्णता तयार होते. भट्टी असो, कॉम्प्रेसर असो, वीजनिर्मितीचे जनित्र असो, खताचा प्रकल्प असो; ती उष्णता काढून टाकली नाही तर यंत्र बंद पडते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नळ्यांतून थंड पाणी फिरवायचे. ते तापते. तापलेले पाणी उंच टॉवरवरून खाली शिंपडायचे आणि त्यातून वारा खेळवायचा. थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि जाता जाता उरलेल्याची उष्णता घेऊन जाते. हा शोध काही परदेशातून आलेला नाही. तुमच्या ओट्यावरचा माठ हेच करतो. माठ पाझरतो, पाझरलेले उडते, आतले पाणी गार होते. कूलिंग टॉवर म्हणजे कारखान्याचा माठ.

आता माठाची दुसरी गोष्ट आठवा. दोन-तीन महिने वापरलेल्या माठाला बाहेरून पांढरी खपली धरते. पाणी उडते, त्यातला क्षार उडत नाही. टॉवरमध्ये तेच होते. रोज पाणी उडत राहते आणि मागे क्षार साठत जातात. पहिल्या दिवशी पाण्यात जेवढे क्षार होते त्याच्या दुप्पट होतात, मग तिप्पट, मग पाचपट. एका हद्दीनंतर नळ्यांच्या आत चुन्याचा थर बसतो, जसा आंघोळीच्या बंबात बसतो. थर बसलेला बंब जास्त लाकूड खातो हे घरातल्या बाईला ठाऊक आहे. कारखान्याची नळीही तशीच वागते.

म्हणून ते काय करतात? टॉवरच्या तळातले खारावलेले पाणी थोडे थोडे बाहेर सोडतात आणि तेवढे ताजे पाणी भरतात. या सोडण्याला ते ब्लो-डाऊन म्हणतात. सगळी मेख या एका शब्दात आहे, म्हणून आकडे मांडू. कागद-पेन असेल त्यांनी लिहून घ्या.

तासाला १,००० घनमीटर पाणी फिरवणारा एक टॉवर धरा. मोठ्या प्रकल्पांच्या मानाने तो लहानच. पाणी १० अंशांनी थंड करायचे, तर साधारण १७ घनमीटर पाणी तासाला वाफ होऊन उडते. दिवसाचे झाले सुमारे ४ लाख लिटर. म्हणजे आपल्याकडे येतात तसले १० हजार लिटरचे ४० टँकर, रोज, आकाशात. हे टाळता येत नाही. माठ पाझरला नाही तर गार होणार नाही. पण पुढचे टाळता येते. क्षार दुप्पट होताच पाणी सोडणारा कारखाना आणखी १७ घनमीटर गटारात सोडतो. त्याची भरती झाली दिवसाला सुमारे ८१ टँकर. तोच कारखाना पाण्यावर नीट प्रक्रिया करून क्षार पाचपट होईपर्यंत तेच पाणी फिरवील, तर सोडावे लागते तासाला जेमतेम सव्वाचार घनमीटर. भरती उतरते ५१ टँकरवर. एकाच टॉवरमागे रोज ३० टँकरचा फरक. पाचपटीवरून दहापटीवर गेले तर मात्र आणखी पाच-सहा टँकरच वाचतात. तेव्हा कारखानदाराने शेवटचा थेंब वाचवावा असा आमचा हट्ट नाही. दुपटीवरून पाचपटीवर ये, एवढेच मागणे पुष्कळ आहे.

आम्ही शेतकी कॉलेजात क्षारपड जमिनीचा धडा शिकलो तो अगदी हाच होता. पिकाच्या मुळाशी पाणी उडते, क्षार राहतात. ते खाली धुऊन काढायला गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी द्यावे लागते. किती जास्त, त्याचे सूत्र आणि टॉवरच्या ब्लो-डाऊनचे सूत्र एकाच हिशेबातून निघते. मिरज-शिरोळकडची उसाची रानं या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्याने पांढरी पडली. आपल्याकडे पाऊस चार महिने जमीन धुऊन काढतो म्हणून ते दिसत नाही. मुद्दा असा की शेतकऱ्याला सगळे शिकवायला येतात. ठिबक घे, मोकाट पाणी देऊ नको, पाणी मोजून दे. टॉवरचे पाणी मोजून फिरवा असे सांगायला कोण जातो? धरणाचे आपले पाणी मऊ आहे, क्षार कमी. ते पाचपटच काय, त्याहून जास्त वेळा फिरवता येते. पण पाणी स्वस्त आणि रसायने महाग असली की सोडून देणेच परवडते.

आता प्रक्रिया म्हणजे काय ते पाहू, कारण तिथे आपल्या नाल्याचा प्रश्न येतो. टॉवरच्या पाण्याला तीन रोग. एक, चुन्याचा थर. त्यासाठी थोडे आम्ल घालतात किंवा फॉस्फोनेटसारखे रसायन, जे चुन्याचे खडे जमू देत नाही. ठिबकच्या नळ्या चोंदल्या की आपण आम्ल सोडतो, तोच प्रकार. दोन, गंज. त्यासाठी जस्त किंवा फॉस्फेट घालतात. नळीच्या आत पातळ पापुद्रा धरतो आणि लोखंड वाचते. पूर्वी याच कामाला क्रोमेट वापरत. औषध फार गुणकारी, पण त्यातला क्रोमियम कर्करोग करणारा. अमेरिकेने १९९० साली इमारतींच्या वातानुकूलनाच्या टॉवरमध्ये आणि १९९४ साली कारखान्यांच्या टॉवरमध्ये ते बंद केले. तीन, शेवाळ आणि जंतू. कोमट पाणी, ऊन आणि वारा मिळाल्यावर काय उगवणार नाही? त्यासाठी क्लोरीन घालतात, आपण विहिरीत टीसीएल टाकतो तसाच, शिवाय इतर जंतुनाशके.

या तिसऱ्या रोगाकडे आपल्या पोरांच्या दृष्टीने पाहा. टॉवरच्या तळातला गाळ काढायला कंत्राटी कामगार लागतात, ते आपल्याच गावांतून जातात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता, तिथे न्युमोनियाची साथ येऊन माणसे मेली. पुढे जो जंतू सापडला तो कूलिंग टॉवरच्या पाण्यात सुखाने वाढतो आणि बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. तेव्हा टॉवर साफ करायला उतरणाऱ्या पोराने चांगला मास्क मागितला तर तो नखरा नव्हे.

ब्लो-डाऊनच्या पाण्याबद्दल शेतीच्या बाजूने आमचे मत सांगतो. निव्वळ क्षारांची फार भीती बाळगू नका. समजा धरणाच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्षार आहेत. पाचपट म्हणजे ५००. एवढ्या पाण्यावर भेंडी मजेत येते. भीती आहे ती आत घातलेल्या औषधांची: जस्त, क्लोरीन, जंतुनाशक. औष्णिक वीज केंद्रांसाठी कायद्याने ब्लो-डाऊनच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. लिटरमागे मोकळा क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम, जस्त १, एकूण क्रोमियम ०.२, फॉस्फेट ५. हे आकडे पाठ करून ठेवा. अधिकाऱ्यासमोर चार आकडे तोंडपाठ म्हणणारा शेतकरी दिसला की बोलण्याचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

इथवरचे झाले पाणी वाचवण्याचे. खरा प्रश्न पुढे आहे. या कामाला धरणाचे पाणी लागतेच कशाला?

तुमच्या घरात सुफलाची पिशवी असेल. ती ट्रॉम्ब्याच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात तयार होते. या कारखान्याने २००० च्या आसपास मुंबईचे सांडपाणी घेऊन ते स्वच्छ करून वापरण्याचा प्रकल्प उभा केला. दिवसाला सुमारे २ कोटी ३० लाख लिटर गटाराचे पाणी आत जाते आणि सुमारे दीड कोटी लिटर कामाचे पाणी बाहेर येते. पुढे शेजारच्या भारत पेट्रोलियमला घेऊन त्यांनी याच जातीचा दुसरा प्रकल्पही काढला. म्हणजे तंत्र नवे नाही, परके नाही. पंचवीस वर्षे आपल्याच जिल्ह्यालगत चालले आहे.

दुसरे उदाहरण नागपूरचे. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला महानिर्मिती कंपनी नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडीहून नेते, दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेने. एरवी कोराडीचे पाणी पेंचच्या धरणातून येते, आणि पेंचवर शेतकऱ्यांचे सिंचन आहे. आमचा हिशेब असा: १३ कोटी लिटर रोज, वर्षभर पूर्ण क्षमतेने, म्हणजे सुमारे पावणेपाच कोटी घनमीटर. गव्हाला शेतात ४५ सेंटिमीटर पाणी धरले, आणि कालव्यात निम्मे वाया जाते असे धरले, तरी पाच हजार हेक्टर गहू. शहराच्या गटारात ही रान भिजवणारी ताकद आहे.

गटाराचे पाणी सरळ टॉवरला चालत नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर कारखान्याचा इंजिनियर तुम्हाला पहिल्याच वाक्यात गप्प करील. त्यात अमोनिया असतो, तो तांब्या-पितळेच्या नळ्या खातो. फॉस्फेट असते, ते चुन्याशी मिळून थर धरते. सेंद्रिय घाण असते, तिच्यावर शेवाळाची चैन होते. म्हणून आधी जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची, मग निवळणे, वाळूतून गाळणे आणि गरज पडल्यास बारीक पडद्यातून दाबाने पाणी काढणे. हे सगळे करता येते, खर्च येतो. गंमत अशी की अमोनिया आणि फॉस्फेट टॉवरला विष, आणि आपल्या भाताला तेच खत. शेतीशास्त्राच्या माणसाला ते टॉवरसाठी काढून टाकताना जीव खालीवर होतो. पण शहराच्या गटारात नुसते खत येत नाही, जंत येतात आणि कारखान्यांचे जड धातूही येतात. पालेभाजीवर ते शिंपडायला आम्ही सांगणार नाही.

पुण्याने मात्र उलटे केले आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे सांडपाणी बेबी कालव्यात उचलायचे, ते हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचे आणि बदल्यात खडकवासल्याचे स्वच्छ पाणी शहराने ठेवायचे. माणसाच्या पोटात जाणाऱ्या भाजीला गटाराचे आणि लोखंडाच्या नळीला धरणाचे, हा कोणता न्याय? पाण्याची प्रत पाहून काम वाटून द्यायचे तर क्रम सरळ आहे. आधी माणूस, मग जनावर आणि पीक. टॉवरला वापरलेले पाणी.

सरकारनेही कागदावर हे थोडेफार मान्य केलेले आहे. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि मग शेतीला बसवले होते. शेतकऱ्यांनी आवाज उठवला, आणि २०११ साली तो क्रम बदलून शेती दुसरी, उद्योग तिसरा झाला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांना युनिटमागे पाण्याची मर्यादा घातली. जुन्या केंद्रांना मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर. ५०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर ही मर्यादा पाळूनसुद्धा दिवसाला ४,२०० टँकर होतात, हे ध्यानात असू द्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे संच पाण्यावाचून बंद ठेवावे लागले, ते उगीच नाही.

पुढे जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणात कलम आले: सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत जे औष्णिक केंद्र असेल त्याने ते प्रक्रिया केलेले पाणी वापरलेच पाहिजे, आणि त्याचा खर्च वीजदरात धरता येईल. चांगले कलम आहे. पण नीट वाचा. खर्च कोणी सोसायचा ते लिहिले. अडीअडचणीला दुसरा पाण्याचा स्रोत ठेवायलाही मुभा दिली. धरणात जे पाणी वाचले ते कोणाचे, याबद्दल एक शब्द नाही.

भावांनो, आमचे सांगणे आहे ते इथे. मुंबई महापालिकेने वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी केंद्रे बांधायला घेतली आहेत. नवी मुंबईत ऐरोली आणि कोपरखैरण्याचे शुद्ध केलेले सांडपाणी कारखान्यांना देण्याची व्यवस्था झाली आहे. या पाण्याने टॉवर चालू लागले की धरणाचे पाणी वाचेल. वाचलेले पाणी आपोआप आपल्या पाड्यावर येईल असे कोणी समजत असेल तर त्याने आपल्या धरणांचा इतिहास पुन्हा पाहावा. शहर वाढते आहे, नव्या इमारती आणि संगणकांची मोठी केंद्रे उभी राहताहेत, त्यांनाही थंडावा हवा. वाचलेले पाणी तिकडेच मुरेल. वर कारखान्याचा जुना पाण्याचा कोटा कागदावर तसाच राहील, अडीअडचणीचा म्हणून.

म्हणून मागणी अशी करायची: कारखान्याला किंवा महामंडळाला सांडपाण्याचे पाणी जितके मिळेल तितका त्याचा धरणातला कोटा लेखी कमी करा, आणि कमी केलेल्या कोट्यावर पहिला हक्क त्या धरणाच्या तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्याचा आणि मग सिंचनाचा, असे त्याच कागदावर लिहा. बारवीचे मुरबाडला, भातसा-वैतरणेचे शहापूरला. दया नको, टँकर नको. खाते उघडा आणि जमा दाखवा.

एका कार्यकर्त्याने चहाच्या वेळी विचारले, पाण्याऐवजी नुसत्या हवेने थंड करता येत नाही का? येते. मोटारच्या रेडिएटरसारखी मोठी यंत्रणा बसवतात. ती महाग पडते आणि ऐन उन्हाळ्यात, विजेची गरज जास्त असते तेव्हाच, कमी काम देते. नवा प्रकल्प कोरड्या भागात येत असेल तर तो आग्रह धरावा. जुन्या कारखान्याशी त्यावर भांडण्यात वेळ घालवू नये.

आता कामाचे. प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला संमतीपत्र देते. त्यात पाण्याच्या वापराचे रकाने असतात. औद्योगिक शीतकरण आणि बॉयलर यांचा रकाना वेगळा असतो, दिवसाला किती घनमीटर ते लिहिलेले असते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून आपापल्या भागातल्या कारखान्यांच्या संमतीपत्राची प्रत मिळवा, आणि महामंडळाकडून त्याच कारखान्याला प्रत्यक्ष दिलेल्या पाण्याचे आकडे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बरेच काही बोलतात. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने निदान एक जोडी आणावी.

ज्यांच्या नाल्यात कारखान्याचे पाणी येते त्यांनी क्षार मोजायचे खिशातले मीटर घ्यावे. ते काही शे रुपयांत मिळते. पाणी सोडतात त्या जागेच्या वर एकदा आणि खाली एकदा मोजायचे, सकाळी आणि रात्री, महिनाभर, वहीत तारीख-वेळ टाकून. आकडा खाली एकदम वाढला तर प्रयोगशाळेत जस्त आणि फॉस्फेट तपासायला प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना घ्या. क्लोरीन मात्र बाटलीत टिकत नाही, घरी नेईपर्यंत उडून जातो. तो जागेवरच पाहावा लागतो. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचा संच असतो. त्याला बरोबर घेऊन जा.